खडकात जन्मणारा वायू : किरणोत्सार आणि बंधनऊर्जा

जत्रेत किंवा वाढदिवसाच्या समारंभात दोरा सुटताच आकाशात निघून जाणारा फुगा सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि त्यात भरलेला हेलियम हवेपेक्षा सुमारे सातपट हलका असल्यामुळे फुगा वर जातो, हेही शाळेतच समजलेले असते. हा हेलियम मुळात येतो कोठून, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. हायड्रोजनही हलकाच, पण तो पाण्यासारख्या संयुगांत बांधलेला राहतो. हेलियम कोणत्याही मूलद्रव्याशी सहसा संयोग पावत नाही, त्यामुळे त्याला असा आसरा मिळत नाही. तो इतका हलका आहे की पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याला कायमचे धरून ठेवू शकत नाही आणि वातावरणाच्या सर्वांत वरच्या थरांतून तो अवकाशात निसटत राहतो. हवेच्या दहा लाख भागांत हेलियमचे भाग जेमतेम पाच असतात. असे असूनही नैसर्गिक वायूच्या काही विहिरींतून तो चांगल्या प्रमाणात बाहेर येतो. फुग्यांत, वेल्डिंगच्या कामात आणि रुग्णालयांतील एमआरआय यंत्रे थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा हेलियम तेथूनच मिळवला जातो.

साडेचार अब्ज वर्षांच्या पृथ्वीवर असा निसटता वायू आजवर शिल्लक कसा राहिला? याचे उत्तर असे की, विहिरींतून मिळणारा जवळजवळ सर्व हेलियम शिल्लक राहिलेला नसून नंतर तयार झालेला आहे, आजही तयार होत आहे, आणि तो तयार होतो तो घट्ट, थंड भासणाऱ्या खडकाच्या आत. ही निर्मिती कशी होते हे समजून घेताना किरणोत्सारी क्षय आणि केंद्रकीय बंधनऊर्जा या भौतिकशास्त्रातील दोन मूलभूत कल्पना एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हेही उलगडत जाते.

सूर्यावरील रेषा, खनिजातील वायू

हेलियमची ओळख पृथ्वीवर होण्याआधी सूर्यावर झाली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ प्येर जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट तपासला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणाची वाट न पाहता अशाच ज्वाळांचे निरीक्षण केले आणि त्यांच्या वर्णपटातील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, असे दाखवून दिले. ही रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली आणि सूर्यासाठी असलेल्या ‘हेलिऑस’ या ग्रीक शब्दावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. पुढे १८९५ मध्ये लंडन येथे विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट नावाच्या खनिजावर आम्लाची क्रिया केली असता जो वायू बाहेर पडला, त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा आढळली. क्लेव्हाइट हे युरेनियमचे खनिज आहे. परंतु त्या वेळी किरणोत्साराचा शोधच लागलेला नसल्यामुळे युरेनियम आणि हेलियम यांची ही सोबत निव्वळ योगायोग वाटणे स्वाभाविक होते.

१८९६ मध्ये पॅरिसमध्ये आंरी बेक्रेल यांना युरेनियमच्या क्षारांमधून आपोआप बाहेर पडणाऱ्या किरणांचा शोध लागला. बाहेरून उष्णता, प्रकाश किंवा वीज न देता पदार्थातून किरण अथवा कण बाहेर पडत राहण्याच्या या गुणधर्माला किरणोत्सार म्हणतात. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी या किरणांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार ओळखले आणि पुढे गॅमा या तिसऱ्या प्रकाराची त्यात भर पडली. अल्फा कण म्हणजे नेमके काय, याचा निर्णायक पुरावा रदरफर्ड आणि टॉमस रॉइड्स यांनी १९०८ मध्ये मँचेस्टर येथे मिळवला. त्यांनी रेडियमपासून निघणारा किरणोत्सारी वायू अत्यंत पातळ काचेच्या नळीत भरला. ही काच वायूला अडवत असे, परंतु वेगवान अल्फा कण तिच्यातून आरपार जात. भोवतालच्या निर्वात केलेल्या बाहेरच्या नळीत हे कण काही दिवस साठू दिल्यावर तेथे हेलियमचा वर्णपट स्पष्ट दिसला. अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा अणू, म्हणजेच हेलियमचे केंद्रक, हे त्यामुळे सिद्ध झाले. वाटेत दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो नेहमीचा हेलियम होतो.

कोडे येथपर्यंत अर्धेच सुटते. युरेनियमचा अणू हेलियम बाहेर टाकतो हे कळले, तरी तो हेलियमच का टाकतो, एखादा सुटा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन का टाकत नाही, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी अणूच्या केंद्रकात शिरावे लागते.

शेजाऱ्याचा हात आणि सर्वदूर पोहोचणारा आवाज

अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्याच्या मध्यभागी असलेल्या अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असते. केंद्रकात धन विद्युतभार असलेले प्रोटॉन आणि विद्युतभाररहित न्यूट्रॉन असतात. या दोघांना मिळून न्यूक्लिऑन असे म्हणतात. सारखे विद्युतभार एकमेकांना दूर लोटत असल्यामुळे केवळ विद्युतबलाचा विचार केला, तर युरेनियमचे ९२ प्रोटॉन एकत्र राहूच शकणार नाहीत. त्यांना एकत्र ठेवते ते प्रबळ केंद्रकीय बल. हे बल अत्यंत जोरकस असले तरी त्याची पोहोच फार थोडी, म्हणजे जवळजवळ एका न्यूक्लिऑनला लागून असलेल्या शेजाऱ्यापुरतीच असते. विद्युतबल त्या मानाने दुबळे, पण त्याची पोहोच दूरवर असते.

दाटीवाटीने उभ्या असलेल्या गर्दीत प्रत्येकाला फक्त लगतच्या माणसांचे हात धरता येतात, परंतु एकाने केलेला आरडाओरडा मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचतो. गर्दी वाढली तरी एका माणसाने धरलेले हात वाढत नाहीत. गोंगाट मात्र वाढतच जातो. केंद्रकात हेच घडते. हेलियममध्ये दोनच प्रोटॉन असल्यामुळे एकमेकांना लोटणारी जोडी एकच असते. लोखंडाच्या २६ प्रोटॉनांच्या अशा ३२५ जोड्या होतात, तर युरेनियमच्या ९२ प्रोटॉनांच्या ४,१८६. न्यूट्रॉन लोटालोटीत भाग न घेता केवळ हात धरतात, म्हणून जड केंद्रकांमध्ये न्यूट्रॉनांची संख्या प्रोटॉनांपेक्षा बरीच जास्त असते. तथापि, केंद्रक मोठे होत जाते तसतशी ही व्यवस्था अपुरी पडू लागते आणि केंद्रकाची बांधणी सैल होते.

बंधनऊर्जा म्हणजे विहिरीची खोली

बांधणी किती घट्ट आहे हे मोजण्याचे माप म्हणजे बंधनऊर्जा. केंद्रकातील सर्व न्यूक्लिऑन एकमेकांपासून पूर्णपणे सुटे करण्यासाठी जेवढी ऊर्जा खर्च करावी लागेल, तेवढी त्या केंद्रकाची बंधनऊर्जा. विहिरीत पडलेली कळशी वर काढायला जेवढे श्रम पडतात, तेवढीच ऊर्जा ती खाली पडताना बाहेर पडलेली असते, आणि विहीर जितकी खोल तितके हे दोन्ही आकडे मोठे. न्यूक्लिऑन एकत्र येतात तेव्हा तेही जणू विहिरीच्या तळाशी जातात आणि जाताना ऊर्जा बाहेर टाकतात. म्हणून बंधनऊर्जा म्हणजे केंद्रकात साठवून ठेवलेली ऊर्जा नव्हे; ती केंद्रक घडतानाच निघून गेलेली ऊर्जा आहे, आणि ती परत दिल्याशिवाय न्यूक्लिऑन सुटे होत नाहीत. ही समजूत पक्की झाली की पुढील गोंधळ टळतो.

निघून गेलेल्या या ऊर्जेची खूण वस्तुमानात उमटलेली असते. चार विटा वेगवेगळ्या तोलल्या काय किंवा एकावर एक रचून तोलल्या काय, वजनात फरक जाणवत नाही. केंद्रकाच्या बाबतीत मात्र तो स्पष्टपणे मोजता येतो. अणूंसाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तुमानाच्या एककात प्रोटॉन १.००७२८ आणि न्यूट्रॉन १.००८६७ भरतो. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची बेरीज ४.०३१९० होते, हेलियमचे केंद्रक मात्र ४.००१५१ एवढेच भरते. सुमारे पाऊण टक्का वस्तुमान कमी पडते. या फरकाला वस्तुमान-तूट म्हणतात. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडल्याप्रमाणे वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत आणि वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले असता तुल्य ऊर्जा मिळते; म्हणून हेलियमच्या केंद्रकात कमी पडलेले वस्तुमान म्हणजेच ते घडताना बाहेर गेलेली ऊर्जा. ती २८.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अणूंच्या जगातील ऊर्जेचे एकक आहे. कोळसा जळताना कार्बनचा एक अणू सुमारे चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो, हे लक्षात घेतले की रासायनिक आणि केंद्रकीय ऊर्जांमधील दहा लाखांच्या पटीतला फरक ध्यानात येतो.

खोली कोठे सर्वाधिक?

वेगवेगळ्या केंद्रकांची तुलना करायची तर एकूण बंधनऊर्जेला न्यूक्लिऑनांच्या संख्येने भागावे लागते. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनमध्ये ही ऊर्जा प्रति न्यूक्लिऑन जेमतेम १.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हेलियममध्ये ती एकदम ७.१ वर पोहोचते, कार्बनमध्ये ७.७ होते आणि लोखंड-निकेल यांच्या आसपास ८.८ हे शिखर गाठते. त्यानंतर आरडाओरडा करणाऱ्यांची संख्या वाढत जाते आणि युरेनियमपर्यंत हा आकडा हळूहळू ७.६ पर्यंत उतरतो. हलक्या केंद्रकांमध्ये बहुतेक न्यूक्लिऑन पृष्ठभागावर असल्यामुळे त्यांना पुरेसे शेजारी मिळत नाहीत, तर जड केंद्रकांमध्ये प्रोटॉनांची लोटालोट मात करते. मधली केंद्रके या दोन्ही अडचणींपासून मुक्त असतात.

यातून दोन्ही टोकांना ऊर्जा मिळवण्याचे मार्ग दिसतात. हलकी केंद्रके जोडली, तर ती अधिक खोलीकडे जातात आणि ऊर्जा बाहेर पडते. हे संमीलन सूर्यात चालते. फार जड केंद्रके दुभंगली, तर त्यांचे तुकडेही अधिक खोलीकडे जातात. हे विखंडन अणुभट्टीत घडवले जाते आणि युरेनियमच्या एका केंद्रकामागे सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देते. या चढ-उतारात हेलियमचे स्थान वेगळे आहे. तो शिखरापासून दूर असला, तरी त्याच्या आजूबाजूच्या हलक्या केंद्रकांपेक्षा त्याची बांधणी कितीतरी घट्ट असते; उथळ डबक्यांच्या रांगेत मध्येच एखादी खोल विहीर लागावी, तसा तो या रांगेत उठून दिसतो.

युरेनियमचा ताळेबंद

हेलियमच का, या प्रश्नाचे उत्तर आता हिशेबाने देता येते. एकूण २३८ न्यूक्लिऑन असलेल्या युरेनियम-२३८ च्या केंद्रकाची एकूण बंधनऊर्जा सुमारे १,८०१.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन निघून गेले तर थोरियम-२३४ उरते आणि त्याची बंधनऊर्जा सुमारे १,७७७.७ असते. म्हणजे ते चार कण सुटे-सुटे बाहेर काढायचे असतील तर २४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा खर्च आहे, आणि तो भागवायला केंद्रकापाशी काहीच नाही. एकच प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन काढायचा म्हटला तरी सहा ते आठ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेरून द्यावे लागतील. म्हणून हे कण आपोआप बाहेर पडत नाहीत. परंतु तेच चार कण हेलियमच्या रूपाने एकत्र बाहेर पडले, तर त्यांच्या परस्पर बांधणीतून २८.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. चोवीसचा खर्च भागून सुमारे ४.३ शिल्लक राहतात आणि ही शिल्लक अल्फा कणाला वेग देते. युरेनियम हेलियम टाकते ते हेलियमच्या स्वतःच्या घट्ट बांधणीमुळे. ती तशी नसती, तर हा सौदा तोट्याचा ठरला असता.

फायद्याचा सौदा इतका का लांबतो?

येथे नवा प्रश्न उभा राहतो. ऊर्जेच्या दृष्टीने क्षय फायद्याचा असेल, तर युरेनियम केव्हाच संपून जायला हवे होते. प्रत्यक्षात ते पृथ्वीच्या जन्मापासून आजपर्यंत टिकून आहे. याचे कारण असे की, बाहेर पडू पाहणाऱ्या अल्फा कणाच्या वाटेत एक उंच भिंत असते. केंद्रकाच्या आत प्रबळ बल त्याला ओढून धरते आणि बाहेर पडल्यावर विद्युतबल त्याला दूर लोटते; या दोहोंच्या सीमेवर ऊर्जेचा एक बांध तयार होतो. युरेनियमच्या बाबतीत हा बांध २५ ते ३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच आहे आणि अल्फा कणापाशी असते जेमतेम ४.३. नेहमीच्या अनुभवाप्रमाणे खोल वाडग्यातली गोटी पुरेशा जोराशिवाय काठ ओलांडून बाहेर येणार नाही.

परंतु अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या पुंजयामिकी या शास्त्रानुसार कणाचे वागणे लाटेसारखेही असते, आणि लाटेचा अत्यंत क्षीण अंश भिंतीच्या पलीकडेही पोहोचतो. परिणामी कण भिंतीवरून उडी न मारताही पलीकडे सापडण्याची एक अल्पशी शक्यता राहते. डोंगर चढून न जाता बोगद्यातून पार होण्यासारखा हा प्रकार असल्यामुळे त्याला बोगदा-परिणाम म्हणतात. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी, तसेच स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी आणि एडवर्ड काँडन यांनी, अल्फा क्षयाचे हे स्पष्टीकरण मांडले. ढोबळ हिशेबाने अल्फा कण केंद्रकाच्या भिंतीवर सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतक्या वेळा आदळतो, आणि युरेनियम-२३८ मध्ये असे एकावर अडतीस शून्ये इतके प्रयत्न झाल्यावर सरासरी एकदा पार होतो.

भिंत पार करण्याची शक्यता कणाच्या ऊर्जेवर विलक्षण प्रमाणात अवलंबून असते. थोरियम-२३२ च्या अल्फा क्षयात सुमारे ४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटतात आणि त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १४ अब्ज वर्षे लागतात. पोलोनियम-२१२ मध्ये सुमारे ९ सुटतात आणि निम्मे होण्यास सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा एक तृतीयांशही पुरतो. ऊर्जा दुपटीहून थोडी अधिक झाली, तर काळात मात्र एकावर चोवीस शून्ये इतक्या पटींचा फरक पडतो.

केंद्रक म्हातारे होत नाही

एखादे विशिष्ट केंद्रक नेमके केव्हा क्षय पावेल, हे सांगता येत नाही. सांगता येते ती केवळ शक्यता. ६,००० फासे एकदम टाकून ज्यांवर एक पडला ते बाजूला काढले, तर पहिल्या खेपेनंतर सुमारे ५,००० उरतील, दुसऱ्या खेपेनंतर ४,१६७, तिसऱ्या खेपेनंतर ३,४७२ आणि चौथ्या खेपेनंतर २,८९४. चार खेपांच्या आत संख्या निम्म्यावर येते आणि आणखी तेवढ्याच काळात उरलेल्यांच्या निम्म्यावर. तीन खेपा टिकलेला फासा चौथ्या खेपेला थकलेला नसतो. त्याची बाद होण्याची शक्यता तीच राहते. केंद्रकांचेही तसेच आहे. दिलेल्या नमुन्यातील निम्मी केंद्रके क्षय पावण्यास लागणाऱ्या या ठरावीक काळाला अर्धायुष्य म्हणतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षे, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढे आहे. क्षय इतका संथ असूनही एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे १२,४०० केंद्रके क्षय पावतात, कारण एका ग्रॅममधील अणूंची संख्याच प्रचंड असते.

युरेनियमपासून शिशापर्यंत

एका अल्फा क्षयाने युरेनियमचा प्रवास संपत नाही. उरलेले थोरियम-२३४ देखील अस्थिर असते, आणि आता अडचण निराळी असते: प्रोटॉनांच्या मानाने न्यूट्रॉन जास्त झालेले असतात. त्यावर उपाय बीटा क्षयाचा. यात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, आणि एक इलेक्ट्रॉन तसेच जवळजवळ वस्तुमानरहित असा प्रतिन्यूट्रिनो कण बाहेर पडतो. न्यूक्लिऑनांची एकूण संख्या तीच राहते. फेरमांडणीनंतर केंद्रकात उरलेली जादा ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने निघून जाते. अशा एकामागून एक पायऱ्या उतरत युरेनियम-२३८ शेवटी स्थिर शिसे-२०६ या रूपात येऊन थांबते. या साखळीचा हिशेब साधा आहे. २३८ मधून २०६ वजा केले की ३२ उरतात, आणि प्रत्येक अल्फा कण चार न्यूक्लिऑन नेत असल्यामुळे आठ अल्फा क्षय होतात; आठ अल्फा क्षयांत १६ प्रोटॉन कमी होऊन ९२ चे ७६ व्हायला हवेत, परंतु शिशात ते ८२ असतात, म्हणून सहा बीटा क्षय. तात्पर्य, युरेनियमचा प्रत्येक अणू शिसे होईपर्यंत हेलियमचे आठ अणू जन्माला घालतो. थोरियम-२३२ शिसे-२०८ होईपर्यंत सहा देतो. म्हणूनच केरळच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूतही हेलियम अडकलेला असतो. १९०८ मध्ये लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी पहिल्यांदा हेलियम द्रवरूप केला, तेव्हा त्यासाठी लागणारा वायू त्यांनी मोनाझाइटमधूनच मिळवला होता.

> चौकट : थोडक्यात
>
> • बंधनऊर्जा : केंद्रकातील सर्व न्यूक्लिऑन सुटे करण्यासाठी लागणारी ऊर्जा, केंद्रक घडताना तेवढीच ऊर्जा बाहेर गेलेली असते आणि तितके वस्तुमान कमी झालेले असते.
>
> • प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा लोखंड-निकेलच्या आसपास सर्वाधिक. म्हणून हलक्या केंद्रकांचे संमीलन आणि जड केंद्रकांचे विखंडन या दोन्हींतून ऊर्जा मिळते.
>
> • अल्फा क्षय : हेलियमचे केंद्रक बाहेर पडते; न्यूक्लिऑन चारने, प्रोटॉन दोनने कमी होतात.
>
> • बीटा क्षय : न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात.
>
> • गॅमा किरण : केंद्रकाची जादा ऊर्जा, न्यूक्लिऑनांची संख्या बदलत नाही.
>
> • अर्धायुष्य : नमुन्यातील निम्मी केंद्रके क्षय पावण्याचा काळ, तो केंद्रकाच्या वयावर अवलंबून नसतो.

एका फुग्याची किंमत

ही निर्मिती किती संथ आहे, हे हिशेबाने पाहता येते. जुन्या खडकातील एक टन युरेनियम आपल्या संपूर्ण साखळीसह वर्षभरात जेमतेम घन सेंटिमीटरच्या आठव्या भागाएवढा हेलियम तयार करते. दहा लिटरचा एक फुगा भरायचा तर त्या एक टन युरेनियमला सुमारे ऐंशी हजार वर्षे लागतील. आणि ग्रॅनाइटसारख्या खडकात युरेनियमचे प्रमाण टनामागे काही ग्रॅम एवढेच असते. कोट्यवधी वर्षे खडकातून झिरपत आलेला हा वायू वर अभेद्य थर असेल तेथेच साचतो. नैसर्गिक वायूही अशाच थरांखाली अडकत असल्यामुळे दोन्ही एकत्र सापडतात. एकदा हवेत गेलेला हेलियम मात्र पुन्हा गोळा करणे जवळजवळ अशक्य होते. खडकाने इतक्या सावकाश जमवलेला हा ठेवा जपून वापरायला हवा, तो याच कारणासाठी.

सूर्यात हायड्रोजनची चार केंद्रके टप्प्याटप्प्याने जुळून हेलियम बनतो आणि त्यातून पृथ्वीवरचे ऊन मिळते. खडकात युरेनियम फुटत-फुटत हेलियम बाहेर येतो आणि त्याच क्षयाची उष्णता पृथ्वीचे अंतरंग तापलेले ठेवण्यास हातभार लावते. एकीकडे जोडणी, दुसरीकडे मोडणी. एकीकडे सुमारे दीड कोटी अंशांचे तापमान, दुसरीकडे पायाखालचा थंड दगड. दोन्ही ठिकाणी निष्पत्ती एकच असण्याचे कारण दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांच्या त्या २८.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल विहिरीत आहे. ज्या वायूची पिवळी रेषा प्रथम सूर्याच्या कडेवर दिसली, तोच वायू नंतर युरेनियमच्या खनिजात सापडावा, हा योगायोग नव्हता.